उणे तीनशे चार दिवस

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लग्नपत्रिकांचं आणि रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. मी हरिओम. त्याच भिंतीला लागून पलीकडे उद्धवचं दुकान. भिंत एवढी पातळ की त्याच्याकडे प्रिंटरमध्ये कागद अडकला की शिवी मला इकडे ऐकू येते. शिवी त्याची बायको जयमाला देते. उद्धवला शिवी देता येत नाही, कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि खोटं तर अजिबातच बोलता येत नाही. लोक याला सद्गुण म्हणतात. मीही म्हणायचो.

दुकानावर पाटी ऑनलाइन सेवा केंद्राची. उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, परीक्षांचे फॉर्म हे सगळं जयमाला भरते आणि घर त्यावर चालतं. उद्धव आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो आणि लोकांचे ब्लॉग सजवतो. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची फुकटची वही. आपण लिहायचं, जगाने वाचायचं. कंपनी वहीबरोबर आठ-दहा तयार टेम्प्लेट देते, म्हणजे वहीचं रूप: रंग कोणता, नाव कुठे, फोटो केवढा, बाजूच्या रकान्यात काय. ते टेम्प्लेट आतून उसवून गिऱ्हाइकाच्या मापाने पुन्हा शिवून देणं हे उद्धवचं काम.

आणि काम करतो झकास, ते कबूल केलं पाहिजे. बाहेरची टेम्प्लेटं इंग्रजीच्या मापाने बेतलेली. त्यात मराठी ओतलं की वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, खालचे उकार पुढच्या ओळीत बुडतात. बाकीचे कारागीर तसंच सोडून मोकळे होतात. उद्धव एकेका ओळीची उंची वाढवत बसतो. खामगावच्या एका बाईंच्या पाककृतींच्या ब्लॉगवर 'तर्री' या शब्दावरचा रफार दिसेना म्हणून त्याने दोन दिवस घालवले होते. मी म्हटलं, "अबे, वाचणाऱ्याले समजते ना तर्री काय असते थे."

"समजते," तो म्हणाला, "पण दिसली पाह्यजे."

त्याचे दोन नियम होते आणि त्यांचा त्याला फार अभिमान होता. पहिला असा, की टेम्प्लेट बदलायचं तर गिऱ्हाइकाला आपल्या ब्लॉगची मालकी थोडे दिवस उद्धवलाही द्यावी लागते. काम संपलं की तो गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचा आणि गिऱ्हाइकाच्याच बोटाने स्वतःचं नाव तिथून काढून टाकायला लावायचा. "दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात घेऊन फिरू नये," असं म्हणायचा. दुसरा नियम, की टेम्प्लेटमध्ये जे लागेल ते सगळं टेम्प्लेटमध्येच ठेवायचं. आपल्या जागेवरून काहीही पुरवायचं नाही. मलकापूरचा हर्षल याच धंद्यातला. तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टेम्प्लेटमध्ये एक दोरी ठेवतो, जिचं दुसरं टोक मलकापुरात. तिकडे बसून तो कुणाच्याही ब्लॉगवर हवं ते बदलू शकतो, पानं कोरी करू शकतो. उद्धव त्याला चोर म्हणत नसे, कारण शिवी येत नाही. पण तोंड वाकडं करायचा.

सोनाळ्याचे शंकरराव त्याचं लाडकं गिऱ्हाईक. पस्तीस वर्षं गावच्या पोस्टात काढलेली, बायको पूर्वीच गेलेली, एकच मुलगी. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सोनाळ्याची खबर' नावाचा ब्लॉग सुरू केला. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या तेराव्याला कुठे जमायचं, एसटीची वेळ बदलली, कोणाचा पोरगा पोलिसात लागला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावातून पुण्या-सुरतेला गेलेली माणसं रोज सकाळी ते उघडून बघायची. उद्धवने तो असा बांधला होता की इंटरनेटवर सोनाळा असं शोधलं तर सगळ्यात आधी शंकररावांचीच वही समोर यावी.

दीड वर्षापूर्वी कार्तिकात शंकरराव पेढे घेऊन आले. मुलीचा, पुष्पांजलीचा, साखरपुडा झाला होता. पत्रिका माझ्याकडे टाकल्या आणि उद्धवकडे जाऊन बसले. "उद्धव, टीव्हीवर कशी उलटी गनती येते, थशी लावून दे वरतं. लोकायले रोज दिसली पाह्यजे."

उद्धवने वीस मिनिटांत लावून दिली. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं: 'चि. सौ. कां. पुष्पांजलीच्या शुभविवाहाला उरले दिवस', आणि पुढे आकडा. तारीख बावीस एप्रिल. आकडा रोज आपोआप एकाने उतरायचा. मग नेहमीप्रमाणे म्हणाला, "काका, आता मले काढा."

"राहू दे ना बे. तू काय चोरी करून राह्यला का?"

"नाई काका. काढा."

म्हाताऱ्याने हसत हसत बटण दाबलं. मी तिथेच पेढा खात उभा होतो.

जानेवारीत सकाळच्या गाडीची वाट बघताना शंकरराव सोनाळ्याच्या स्टँडवर बसल्या जागी गेले. लग्न वर्षभर पुढे ढकललं. आमच्यात एक तर दुःखाच्या आत लवकर उरकतात, नाही तर वर्ष पाळतात. मुलाकडच्यांनी वर्ष पाळू म्हटलं आणि दिवाळीत निरोप पाठवला की आता जमणार नाही. मुलाने तिकडे पुण्यात आपलं आपण जमवलं होतं. माझ्याकडच्या पत्रिका कधीच रद्दीत गेल्या होत्या. कागदाचं बरं असतं, फाडला की संपला.

पुष्पांजली शेगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दिवाळीनंतर एका दुपारी ती रेल्वेने आली आणि उद्धवच्या समोर मोबाइल धरला. पिवळी पट्टी तशीच होती. 'चि. सौ. कां. पुष्पांजलीच्या शुभविवाहाला उरले दिवस: -२१२'.

बावीस एप्रिल आला आणि गेला, तेव्हा आकडा शून्यावर थांबायला हवा होता. उद्धवने त्याला थांब असं सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तो शून्याच्या खाली उतरला आणि उतरतच राहिला.

"लॅबमधल्या पोरीनं दाखोलं मले," ती म्हणाली. "काका स्थळं पाहून राह्यले. मानसं पोरीचं नाव टाकून पाहतेतच आजकाल. नाव टाकलं की पयले हेच येते. एवढं काढून द्या, उद्धवभाऊ."

"आत्ता काढतो," उद्धव म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला. मग तसाच बसला. त्याची मान हळूहळू लाल झालेली मी दारातून पाहिली. त्या ब्लॉगचा मालक एकच होता आणि तो वारला होता.

पुढचे तीन महिने मी या माणसाला जे करताना पाहिलं ते सांगायलाही कंटाळा येतो, त्याला करायला आला नाही. पहिल्यांदा पासवर्ड. मुलीची जन्मतारीख, बायकोचं नाव, पोस्टाचा पिनकोड. पाच-सहा वेळा चुकल्यावर कंपनीने दार लावून घेतलं. मग शंकररावांचा मोबाइल मागवला. तो पुष्पांजलीच्या काकांनी, राजकुमाररावांनी, लॉक उघडेना म्हणून दुकानात देऊन पार धुऊन आणला होता. आत काही शिल्लक नव्हतं. मग नंबर. रिचार्ज न केल्यामुळे कंपनीने तो भोकरदनच्या एका भाजीवाल्याला देऊन टाकला होता. उद्धवने त्याला फोन करून सगळी कहाणी सांगितली. भला माणूस होता, मोबाइलवर आलेले ओटीपीचे आकडे त्याने वाचून दाखवले. पण आकड्यांनी भागेना, कंपनीला जुना मोबाइलही ओळखीचा हवा होता. आठव्या वेळी भाजीवाला म्हणाला, दादा, मला गिऱ्हाईक बघू द्या.

मेलेल्या माणसाच्या खात्यासाठी एक अर्ज असतो म्हणे. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, सगळं जोडून पाठवलं. महिन्याने इंग्रजीत उत्तर आलं. दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. खात्यावर शंकररावांनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं, 'सोनाळ्याची खबर' असं लिहिलं होतं. आता पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापत्त्यांची खातरी करणाऱ्या पोस्टमास्तरने असं करावं? पण उत्तर कुणाला द्यायचं, खाली सही माणसाची नव्हती.

एक दिवस मान खाली घालून त्याने हर्षललाही फोन लावला. हर्षल मनापासून हसला. "दोरी ठेवली असती तं दोन मिनिटाचं काम होतं भाऊ. मी माह्या गिऱ्हाइकाचं आत्ता काढून दिलं असतं." तेही खरंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला राग हर्षलचा आला नाही, उद्धवचाच आला. म्हटलं, "कशाले पाह्यजे होता बे तुले येवढा सरळपणा?"

तो कंपनीचे नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

शेवटी एकच वाट उरली. सगळ्या ब्लॉगविरुद्धच तक्रार करायची, की यात एका मुलीची खाजगी गोष्ट परवानगीशिवाय टाकली आहे, तो बंद करा. म्हणजे शंकररावांची सहा वर्षांची वही जाणार. उद्धवने पुष्पांजलीला बोलावून विचारलं. ती जयमालाच्या खुर्चीवर बसून बराच वेळ मोबाइलवर खाली-वर करत वाचत राहिली. मध्येच एकदा हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "करून टाका."

त्याने आधी सगळं लिखाण उतरवून घेतलं, माझ्याकडून छापून तिला दिलं, आणि मग तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आम्ही तपासलं, आमच्या कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही. ते वाचून उद्धव खुर्चीतून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी चहा सांगितला, तो प्यायला नाही.

फेब्रुवारीत पुष्पांजलीला एक स्थळ आलं. हिवरा आश्रमाजवळचं गाव, मुलगा प्रज्वल चिखलीला कृषी खात्यात, वडील वामनराव शेती बघतात. मुलाने फोटो पसंत केला होता आणि पंधरा दिवसांनी बैठक ठरली होती. राजकुमारराव दाखल्याच्या कामाने आले तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. ते गेले आणि उद्धवचं काम थांबलं. दोन दिवस तो पडद्याकडे नुसता पाहत होता.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "हरिओमभाऊ, गाडी काढता का रविवारी? हिवऱ्याले जाऊन येऊ."

"काऊन?"

"ते लोक बैठकीले जायच्या आधी नाव टाकूनच पाहतीन. थो आकडा पाहून पोरीत काही खोट आहे म्हणतीन. खोट तिच्यात नाई, माह्या कोडमध्ये आहे. हे मीच सांगतलं पाह्यजे."

"पोरीले विचारलं का?"

"तिले विचारलं तं ती नको म्हणीन."

जयमाला पलीकडून म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करून येसान दोघं." मी ऐकलं. तरी रविवारी गाडी काढली. पोरीला विचारल्याशिवाय मी किक मारायला नको होती, हे मला आता रोज कळतं. पण तीन महिने एखाद्याला भिंतीवर डोकं आपटताना बघितलं की तो म्हणेल तिकडे आपण जातो.

खामगाव, चिखली करत दुपारी पोचलो. वामनराव अंगणात तुरी वाळत घालत होते. पोस्टमास्तरांच्या ओळखीचे म्हटल्यावर त्यांनी हात धुऊन बाज टाकली, पाणी आणलं, चहा ठेवायला सांगितलं. प्रज्वल घरी नव्हता. माणूस पाहताक्षणी आवडावा असा. उद्धवने चहा यायचीही वाट पाहिली नाही.

"एक चूक कबूल कराले आलो," तो म्हणाला आणि मोबाइल पुढे केला.

वामनरावांनी खिशातून चष्मा काढला. पट्टी वाचली. उरले दिवस: -३०४. "हे काय हाय?"

मग उद्धव सांगत सुटला. टेम्प्लेट काय असतं, तारीख कशी मोजतात, शून्यावर थांबायला एक ओळ लिहावी लागते आणि ती त्याने कशी लिहिली नाही, मालकी कशी काढली, कंपनी कसं ऐकत नाही. त्याला कधी कुणाशी एवढं बोलताना मी ऐकलेलं नाही. वामनरावांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"म्हंजी पोरीचं लगीन आधी ठरलं होतं?"

उद्धव थांबला. "हाव. मागच्या एप्रिलात होतं. बाप वारला तिचा, मग त्यायनं मोडलं. पोरीचा काही दोष नाई."

"आमाला तर राजकुमारराव म्हणले, पयलंच स्थळ हाय."

चहा आला. मी कप घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"तुम्ही," उद्धवने हळूच विचारलं, "हे पाह्यलं नव्हतं का? ब्लॉगवर?"

"कोन बघतंय ते? पोराला फोटो आवडला, आमाला घर आवडलं. बास." वामनरावांनी चष्म्याची घडी घातली. "लगीन मोडलं त्याचं काई नाय हो. माझ्या भाचीचंबी मोडलं होतं. पर सांगायला पायजे होतं. पयल्याच पावलाला लपवलं, तर पुढं काय काय लपवतील?"

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, पोरगी फोटोत फार शांत दिसते. उद्धव ताटातला भात नुसता चिवडत होता. परतताना चिखलीपासून खामगावपर्यंत तो माझ्या मागे बसला आहे की पडला, हे मी दोनदा वळून पाहिलं.

सोमवारी सोनाळ्याला निरोप गेला. बैठक रद्द. राजकुमाररावांनी आम्हा दोघांना फोनवर जे ऐकवलं त्यातलं निम्मं आमच्या हक्काचं होतं. निम्मं त्यांचं त्यांनी ठेवून घ्यायला हवं होतं, पण ते म्हणायची ती वेळ नव्हती.

बुधवारी पुष्पांजली आली. मी माझं दुकान सोडून तिकडे गेलो. म्हटलं, शिव्या खायच्या तर दोघांनी मिळून खाऊ. जयमालाने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"काका खोटं बोलले थे मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी त्यायले म्हटलं होतं, बैठकीच्या दिवशी मुलाले मी सांगीन. माह्या तोंडानं. काय काय सांगायचं थे ठरोलं होतं मी. बाबाचं, लग्नाचं, त्या आकड्याचंबी. त्याले दाखोणार होती मी थो आकडा. म्हटलं, हसला तं बरा मानूस असन."

उद्धव म्हणाला, "पुष्पा, मी तं..."

"मले माहीत आहे. तुमी चांगल्यासाठीच गेले." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबाबी म्हणत, उद्धवसारखा मानूस नाई. काम झालं की स्वतःले काढून घेते. मंग माह्यातून काऊन नाई काढून घेतलं तुमी?"

बाहेर गाडीची वेळ झाल्याने रिक्षावाले ओरडत होते.

"एक काम करसान का माह्यं?" ती म्हणाली.

उद्धव खुर्चीतून अर्धा उठला. इतक्या घाईने, इतक्या आशेने उठला की मला त्याच्याकडे पाहवेना. "सांग ना. सांग."

"आता माह्यासाठी काहीच करू नका."

तिने पर्स खांद्यावर घेतली आणि ती गाडीसाठी निघाली. उद्धव बराच वेळ तसाच, ना उठलेला ना बसलेला, टेबलाला धरून उभा होता. ती रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो "हाव" म्हणाला.